बाळंतिणीला मालकीण म्हणणाऱ्या मॅडम

मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी पंख्याचं बटण शोधायच्या आणि बंद करायच्या. नमस्कार, चौकशी, पाणी हे सगळं त्यानंतर. लेबर रूममध्ये हे समजण्यासारखं होतं. ओल्या अंगाचं, नुकतंच जन्मलेलं बाळ पंख्याच्या वाऱ्यात बघता बघता गार पडतं, आणि हे आम्हा नर्सेसच्या डोक्यात भरवायलाच त्या आल्या होत्या. पण त्यांची ती सवय लेबर रूमपुरती उरली नव्हती. माझ्या चुलत बहिणीच्या साखरपुड्याला मी त्यांना आग्रहाने बोलावलं. भर उन्हाळा, पत्र्याचा हॉल, माणसांची गर्दी. मॅडम आल्या आणि भिंतीवरची सगळी बटणं ओळीने खाली पाडली. नवऱ्या मुलाचे काका घाम पुसत म्हणाले, "मॅडम, लाइट गेली का?"

"नाही. कुणाचं तान्हं आहे का इथं?"

कोपऱ्यात कुणाच्या तरी मांडीवर खरंच एक महिन्या-दीड महिन्याचं बाळ निघालं. "आहे ना? मग झालं," म्हणून त्या खुर्ची ओढून बसल्या. साखरपुडा संपेपर्यंत पंखा लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

मी चाकणजवळच्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आजूबाजूला कंपन्या आल्या तशी वस्ती वाढली. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून तरुण जोडपी कामाला आली, खोल्या करून राहिली, आणि त्यांची बाळंतपणं आमच्याकडे येऊ लागली. खाटा तेवढ्याच राहिल्या, आम्हीही तेवढ्याच. मग इथल्या एका कंपनीने सुईणकाम आणि नवजात बाळाची काळजी यांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलायचं ठरवलं, आणि दर मंगळवारी शिकवायला मॅडम येऊ लागल्या. मोठ्या हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजात आयुष्यभर शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. राहायला काळेवाडीत. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होते, नवराही कंपनीतच होता. त्यामुळे बाईंच्या तोंडात दवाखान्यापेक्षा कारखान्याची भाषा जास्त. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला दोन बाजूंनी दोन पिशव्या, असा त्यांचा अवतार होता.

कंपनीने त्यांना गाडी देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली, कारण गाडीत एसी. मग काळेवाडीहून दोन बस बदलून त्या यायच्या, आणि बसमध्येही त्यांचं काम चालूच असायचं. पोट दिसणारी कुठलीही बाई दिसली की शेजारी जाऊन उभ्या राहायच्या. "कितवा लागला? इंजेक्शन झालं? लोहाच्या गोळ्या खातेस की गादीखाली ठेवतेस?" एकदा मी बरोबर होते. स्टॉपवर एक अनोळखी मुलगी नवऱ्याबरोबर उभी होती. मॅडमनी सरळ तिची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली. नवरा चपापला. "अहो मावशी, काय करताय?"

"हिच्या अंगात रक्त नाही. तू पालेभाजी आणतोस का नुसता मोबाइल दाखवतोस?"

तो बिचारा खाली मान घालून "आणतो" म्हणाला. काय आणतो, ते बहुधा त्यालाही कळलं नसावं. बस आली तेव्हा मात्र त्याने बायकोआधी मॅडमना चढायला जागा दिली.

गंमत म्हणजे दवाखान्यात याच मॅडम न विचारता कुणाच्या अंगाला हात लावू द्यायच्या नाहीत. लेबर रूमच्या पडद्याबाहेर उभं राहायचं आणि तोंडाने "टक टक" म्हणायचं, हा त्यांचा नियम. पडदा दारासारखा वाजवता येत नाही, म्हणून तोंडाने. आतून बाई "या" म्हणाली तरच आत जायचं. आमच्या वॉर्डातल्या आया, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, त्यांना हे फार विनोदी वाटायचं. "बाई, ती कळा देतीया, ती काय या-बसा म्हणनार व्हय?"

"ती 'या' म्हणाली नाही तर आपण विचारायचं, येऊ का? घर तिचं आहे."

आणि बाळंत होणाऱ्या बाईला त्या मालकीण म्हणायच्या. "मालकीणबाई, आता पोटाला हात लावते. गार लागेल थोडा." पॅकिंगच्या कामावरून थेट कळा घेऊन आलेली एक मुलगी हे ऐकून मान वळवून मागे बघू लागली होती, आपल्यामागे कोण मोठी बाई येऊन उभी राहिली म्हणून. आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. नंतर वर्गात म्हणाल्या, "इथं काम तिचं, माल तिचा, मशीन तिचं. आपण कंत्राटी. कंत्राटी माणसानं मालकिणीवर ओरडलेलं कुठल्या कंपनीत चालतं?"

आमच्याकडे तेव्हा ओरडायची पद्धत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. बऱ्याच ठिकाणी आहे. मॅडम त्यावर भाषण द्यायच्या नाहीत. पहिल्याच मंगळवारी त्यांनी आम्हा प्रत्येकीला आळीपाळीने बाळंतपणाच्या टेबलावर आडवं केलं, पाय वर बांधले, दिवा लावला आणि बाकीच्यांना सांगितलं, "आता तुम्ही आपापसात गप्पा मारा. हिच्याकडे बघू नका." मी छताकडे बघत पडून होते. मैत्रिणी संध्याकाळच्या भाजीचं बोलत होत्या. दार उघडलं की बाहेरच्या बाकावरची माणसं दिसत होती. अंगावर पूर्ण कपडे असूनही मला उघडं पडल्यासारखं झालं. मॅडमनी पाय सोडले आणि एवढंच विचारलं, "पडदा कुठे लावायचा?" आमच्या सुपरिंटेंडंट सरांनी त्याच आठवड्यात पडद्याची दांडी बसवून दिली. चांगले होते सर. त्यांना ते कुणी आधी सांगितलं नव्हतं, एवढंच.

शिकवायला कंपनीने एक महागडी रबरी बाहुली दिली होती. ती कपाटात प्लॅस्टिकच्या आवरणात कुलूपबंद असायची, कारण बिघडली तर जबाबदार कोण. मॅडमनी मग स्वतःच्या जुन्या साडीचं एक बाळ शिवलं आणि त्यात ज्वारी भरली. हात, पाय, मान सगळं लुळं. "जन्मलेलं बाळ असंच हातात येतं. रबरासारखं ताठ नाही येत. मान धर." त्याला त्या पाहुणा म्हणायच्या. पूर्वी बाळ रडलं नाही की पाय धरून उलटं टांगायचे आणि पाठीत धपाटे घालायचे. आमच्या मावशी अजूनही त्याच मताच्या होत्या. मॅडम त्यांना म्हणाल्या, "मावशी, तुमच्या घरी लांबून पाहुणा आला तर दारात उलटा धरून धपाटे घालता का?"

"न्हाई."

"काय करता?"

"पानी देतो. बसा म्हनतो."

"हां. याला कोरडं पुसायचं, आईच्या छातीवर बसा म्हणायचं. पाणी द्यायचं नाही, दूध द्यायचं."

मावशी विचार करून म्हणाल्या, "हे आमाला आदीच असं सांगायचं व्हतं." त्यानंतर धपाटे बंद झाले.

मॅडम कधी कुणाचं कौतुक करायच्या नाहीत. फार झालं तर "बरं झालं." वाढलेल्या नखांवर, बांगड्यांवर त्यांचा फार राग. आमच्यातल्या एका नवीन लग्न झालेल्या मुलीला हिरवा चुडा उतरवायला लावला, ती रडली, दुसऱ्या दिवशी तिची सासू भांडायला आली. मॅडम नमल्या नाहीत, आणि ते जरा जास्तच झालं असं मला आजही वाटतं. समजावून सांगता आलं असतं. पण समजावणं त्या फक्त बाळंतिणींसाठी राखून ठेवायच्या, आमच्यासाठी नियम. तिखट मिसळ खाऊन आंबट ढेकर देत वर्ग घ्यायच्या आणि दोष बसच्या हादऱ्यांना द्यायच्या.

त्या इतक्या तळमळीने का करतात, याबद्दल आमच्यात बरीच कुजबुज चालायची. नक्की यांचं स्वतःचं बाळ गेलं असणार, असं आमचं ठरलंच होतं. एकीने धीर करून विचारलंही. मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. "माझी दोन्ही पोरं ठणठणीत आहेत. दुःख झाल्याशिवाय काम नीट करायचं नाही, असा काही नियम आहे का?"

एक गोष्ट त्या परत परत सांगायच्या. "कंपनीत लाइन बंद पडली की हॉर्न वाजतो. सगळे धावतात. आपल्याकडे बाळ रडलं नाही तर काहीच वाजत नाही. सगळं शांत होतं. त्या शांततेला हॉर्न समजा."

ती शांतता माझ्या वाट्याला आली तो मंगळवारच होता. चाकणच्या एका गॅरेजवाल्याची बायको, दुसरी खेप, सगळं सुरळीत चाललेलं. डॉक्टर हायवेवरच्या अपघातातल्या पेशंटकडे अडकलेले. बाळ आलं आणि रडलं नाही. माझ्या हातात ते अगदी त्या साडीच्या पाहुण्यासारखं लुळं पडलं, रंग निळसर. मी पुसलं, पाठ चोळली. काही नाही. नाळ कापली, बाळ उबेच्या टेबलावर नेलं, तोंडावर मास्क ठेवून पिशवीने श्वास द्यायला लागले आणि वळून मॅडमकडे पाहिलं. त्या येतील, मला बाजूला करतील, असं मी गृहीतच धरलं होतं.

त्या आल्या नाहीत. आईच्या उशाशी उभ्या राहिल्या होत्या. तिने त्यांचा एक हात दोन्ही हातांनी घट्ट पकडलेला. "रो क्यों नहीं रहा?" ती विचारत होती.

"साँस लेने में देर लगा रहा है, मालकिन," मॅडम शांतपणे सांगत होत्या. "सिस्टर उसको साँस दे रही है. मैं देख रही हूँ. जो होगा, मैं आपको सच बोलूँगी." मग त्याच आवाजात मला मराठीत, "छाती हलतेय का?"

हलत नव्हती. मी नुसतीच पिशवी दाबत होते. हनुवटी जरा वर केली, मास्क नीट बसवला, पुन्हा दाबलं. इवलीशी छाती वर आली. "हलतेय," मी म्हटलं. "मग चालू ठेव," त्या म्हणाल्या. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. आधी त्याचा पाय हलला. मग एक उचकीसारखा श्वास, मग दुसरा, आणि मग ते चिडून रडलं. बाहेर सासू मोठ्याने देवाचं नाव घेऊ लागली.

मी बाळाला आईच्या छातीवर दिलं, सगळं आवरलं, बाहेर आले आणि मॅडमवर चिडले. त्यांच्यावर आवाज चढवायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. "तुम्ही का नाही आलात? काही झालं असतं म्हणजे?"

"तुझ्या हाताकडे माझं लक्ष होतं. तुला जमलं नसतं तर आलेच असते. तुला जमलं." त्या पाणी प्यायल्या. "आणि ती बाई एकटी पडली असती, तिचं काय? दोघांनाही माणूस लागतं. मी मंगळवारी असते गं. बाळं रोज होतात."

पुढे कंपनीतले साहेब लोक पाहणीला आले, फोटोग्राफर घेऊन. लेबर रूमच्या शेजारच्या खोलीत मॅडमनी त्यांना पंख्याविना बसवलं. टायवाले साहेब घामाने निथळत होते. "तुम्हाला घाम आला म्हणजे बाळ सुखात आहे," मॅडमनी सांगितलं. साहेबांनी हसून घेतलं. पण थोड्याच दिवसांत प्रकल्पाची मुदत संपली आणि पुढचं प्रशिक्षण टॅब्लेटवर होईल असं कळलं. मॅडमना शाल-श्रीफळ मिळालं. त्यांनी शाल तिथेच एका अशक्त बाळाच्या आजीला देऊन टाकली आणि पुढच्या मंगळवारी काही झालंच नाही अशा थाटात बसने हजर झाल्या. सरांनीही विचारलं नाही की आता कशाला. गुडघ्यांनी साथ दिली तोवर त्या येत राहिल्या.

आता मुलाने त्यांना रावेतला आपल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये नेलं आहे. मध्ये मी भेटायला गेले तर घरी नव्हत्या. सून म्हणाली, "खाली असतील बघा." शेजारी नव्या इमारतीचं काम चालू होतं. तिथे वाळूच्या ढिगाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत मॅडम, आणि भोवती कामावरच्या पाच-सहा बाया. एकीची पापणी ओढून बघणं चाललं होतं. वॉचमनने मला हळूच विचारलं, "ताई, या डॉक्टर आहेत का?" मी म्हटलं, नाही, टीचर आहेत.

पण मॅडम म्हटलं की मला यातलं काही आधी आठवत नाही. आठवते ती महाळुंग्यातली एक दुपार.

आमचं घर महाळुंग्याचं. शेती कंपन्यांत गेली, चुलत्याने उरलेल्या जागेवर भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्यातल्याच एका खोलीत हिंगोलीकडचं जोडपं राहायचं. नवरा कंपनीत कंत्राटावर. ती दिवस भरायच्या खूप आधी कळा घेऊन आमच्याकडे आली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. मी शिकले होते ते सगळं केलं. कोरडं केलं, आईच्या छातीला लावून दोघींना एकत्र गुंडाळलं, डॉक्टरांनी वेळेत अँब्युलन्स बोलावली, मोठ्या हॉस्पिटलला कळवलं. पोहोचलीही ती तिथे. दुसऱ्या दिवशी गेली.

मी ड्यूटीवर जायचं बंद केलं. ताप आहे असं कळवलं होतं. घराबाहेर पडलं की चुलत्याच्या खोल्या दिसायच्या, म्हणून बाहेरही पडत नव्हते. नोकरी सोडायची असं मनाशी ठरवलं होतं, फक्त घरी सांगायचं राहिलं होतं. मंगळवारी मी दिसले नाही म्हणून मॅडम पत्ता विचारत घरी आल्या. माझ्या आईने दारातच सांगितलं, "बगा वो बाई तुमीच. पोरगी जेवत न्हाई, बोलत न्हाई. झपाटल्यावानी बसून हाय."

मॅडम माझ्यासमोर बसल्या. मी म्हटलं, "मी सगळं बरोबर केलं होतं."

"हो. मी डॉक्टरांशी बोलले. सगळं बरोबर केलं होतंस."

"मग?"

"बरोबर करूनही बाळ जातं कधी कधी. हे मी वर्गात सांगत नाही. कसं सांगायचं ते मला येत नाही." मग उठल्या. "चल. तिच्याकडे जाऊन येऊ."

मी नको म्हटलं. त्या दारात उभ्या राहिल्या, हलेचनात. शेवटी मी चपला घातल्या.

दुपारची वेळ, नवरा शिफ्टला गेलेला. दार उघडंच होतं, तरी मॅडम बाहेर थांबून "टक टक" म्हणाल्या. ती भिंतीला टेकून बसली होती, पदर छातीशी घट्ट ओढून. आम्हाला बघून तिने तो आणखी ओढला. मला वाटलं, ती मला जा म्हणेल. मॅडम तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि अगदी हळू विचारलं, "दूध येतंय?"

तिचा चेहरा एकदम बदलला. "यायलंय वो," ती म्हणाली. "लई यायलंय. दगडावानी झालंय. ब्लाउज भिजून जातंय. कुणाला सांगावं? लेकरू तर न्हाई."

मी तिथेच उभी होते. इतके दिवस मी घरात बसून त्या बाळाचा, माझा, माझ्या हातांचा विचार करत होते. या बाईच्या अंगात दूध भरून ठणकत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आम्ही कुणीच तिला सांगून पाठवलं नव्हतं की असं होईल.

मॅडमनी दार लोटलं, तिला विचारून तपासलं, गार पाण्यात पंचा पिळून छातीवर ठेवायला लावला. दुखणं कमी होण्यापुरतंच थोडं कसं काढायचं, फार काढायचं का नाही, कपडा आवळून का बांधायचा नाही, ताप आला तर कधी यायचं, सगळं सांगितलं. पंचा बदलायचं काम मला दिलं. "बाळ गेल्याचं तुला कळलंय," त्या तिला म्हणाल्या. "तुझ्या अंगाला अजून कळलं नाही. त्याला थोडे दिवस लागतील."

थोड्या वेळाने तिला आराम वाटला. आम्ही निघणार तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू का?"

"विचार."

"तिचं नाव ठेवलंच न्हाई. तिथं चिठ्ठीवर नुसतं बेबी लिहिलं. आता ठेवलं तर चालतंय का?"

मॅडम उठलेल्या होत्या, परत खाली बसल्या. "चालतं की," त्या म्हणाल्या. "तुझी लेक आहे. काय ठेवायचं होतं?"

"आरोही."

"आरोही," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलं. मग मीही म्हटलं. ती भिंतीला डोकं टेकून पहिल्यांदा मोठ्याने रडली. मॅडमनी तिला गप्प केलं नाही. रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं आणि आम्हाला चहा केला.

परत येताना मॅडम रस्त्याकडेच्या कठड्यावर बसल्या. म्हणाल्या, गुडघा भरून आलाय. समोरून नव्या गाड्या लादलेले ट्रेलर धूळ उडवत जात होते.

"इतकी वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या. "गेलेल्या बाळाचं नाव विचारायचं, हे मी कुणाला शिकवलं नाही. मलाच सुचलं नव्हतं."

त्यांची बस आली. मी त्यांच्या दोन्ही पिशव्या वर दिल्या. दुसऱ्या दिवशी माझी सकाळची शिफ्ट होती. मी गेले.